सहादूचे ब्याऐंशी टोले

नाशिकमध्ये त्र्यंबक रोडच्या आतल्या अंगाला मिशनवाडी नावाची एक जुनी ख्रिस्ती वस्ती आहे. साठ-सत्तर उंबरे, एक शाळा, एक दगडी चर्च आणि चर्चच्या मनोऱ्यात एक घंटा. रविवारी ती सगळ्यांना बोलावते. पण वस्तीतलं कुणी गेलं की ती त्या एकाच माणसासाठी वाजते, आणि मोजून वाजते. जितकी वर्षं तो जगला तितके टोले, आणि दोन टोल्यांमध्ये निदान एक पूर्ण श्वास. घंटा सुरू झाली की वस्ती हातातलं काम टाकते. बायकांचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरायला लागतो. तिशीत थांबली तर काळजात धस्स होतं. ऐंशीच्या पुढे गेली तर म्हणतात, सुटलं बिचारं. चर्चच्या मंडळीच्या कमिटीने तर ठरावच करून ठेवलाय की आधी घंटा, मग व्हॉट्सॲपचा ग्रुप. एवढी तरी लाज आम्ही शिल्लक ठेवली आहे.

या घंटेचा दोर पंचेचाळीस वर्षं सहादू त्रिभुवनच्या हातात होता. हरसूलकडच्या एका पाड्यावरून आठव्या वर्षी तो मिशनच्या बोर्डिंगात आला आणि पुढे त्याच शाळेत शिपाई झाला. शाळेची घंटा तो नुसती बडवायचा. चर्चची मात्र नाही. कुणी गेलं की आधी त्या घरी जाऊन घटकाभर बसायचा, विचारायचा, ऐकायचा, आणि मग मनोऱ्याकडे वळायचा.

"दोर काय, माकडबी ओढील," तो म्हणे. "टोला द्यायच्या आधी त्या माणसाचं ते वरीस मनात यायला पायजे. आलं की ओढायचं. नाय आलं तर थांबायचं. त्याचं सगळं आयुष्य कुणीतरी एकदा पुरं ऐकून घेतलं, असं व्हायला पायजे. देव ऐकतोच. पण आपल्या बाजूनं एक तरी माणूस नको का?"

अडुसष्टाव्या वर्षी काचबिंदूने त्याचे डोळे गेले आणि दोर मुलाकडे आला. मुलाचं नाव शमुवेल. बायबलात देवाच्या घरात झोपलेल्या ज्या पोराला देवाची हाक ऐकू आली, त्याच्यावरून ठेवलेलं. "त्या शमुवेलाला तीनदा हाक मारली तर तिन्ही वेळा तो उठून तरी बसला," म्हातारा म्हणायचा. "आमच्याला दहादा मारा, पालथ्या घड्यावर पाणी."

शमुवेल माणूस म्हणून वाईट नव्हता. दारू नाही, तंबाखू नाही, अंबडच्या एका कारखान्यात तयार झालेल्या भागांची मापं घेऊन ते पास करायची चांगली नोकरी. पण चित्त कधी थाऱ्यावर नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या. चहा ठेवायला उठायचा आणि अंगणात मोबाइल बघत उभा राहायचा. आत भांडं करपायचं. प्रार्थनेला डोळे मिटले की आमेन येईपर्यंत हा कुठल्या तरी टायरच्या किमतीपाशी पोचलेला असायचा. लहानपणापासून असंच होतं, मोबाइलने आगीत तेल ओतलं. शेवटी त्याच्या बायकोने, सविताने, त्याला कॉलेज रोडच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, हा आळस नाही, लक्षाचाच आजार आहे, मोठेपणीही असतो. आणि गोळ्या लिहून दिल्या. चर्चमधले एक वडीलधारे म्हणाले, गोळ्या कसल्या खातोस, तुझा विश्वास कमी पडतोय, उपास धर. शमुवेलाने दोघांचंही ऐकलं आणि दोन्ही विसरला. गोळ्यांचं पाकीट बायबलाच्या कपाटात तसंच पडून राहिलं.

गेल्या ऑक्टोबरात वस्तीतली गोजराबाई गेली. ती दिंडोरीला लेकीकडे गेली होती, आणि तिथेच सकाळी चहा पिता पिता मान टाकली. वय एकाहत्तर. लेकीने चर्चच्या पाळकसाहेबांना फोन केला, पाळकसाहेबांनी शमुवेलाला सांगितलं, आणि शनिवारी साडेदहाला घंटा सुरू झाली. वस्तीत अजून कुणालाच ठाऊक नव्हतं.

शमुवेलाने दोर ओढला आणि मोजायला लागला. तिसाच्या आसपास खिशातला मोबाइल थरथरला. त्याने डाव्या हाताने काढला, नुसता बघायला. कारखान्याच्या ग्रुपवर काहीतरी, मग कुणाच्या तरी लग्नाचा व्हिडिओ, मग आणखी काही. मोजणं त्याने सोडलं नव्हतं, याची त्याला पक्की खात्री होती. एकोणसत्तर, सत्तर, एकाहत्तर. संपलं. मोबाइल खिशात टाकून त्याने वर पाहिलं, तर मनोऱ्याच्या दारात सविता उभी. अनवाणी. हातात अर्धी निवडलेली मेथीची जुडी, आणि तोंडावर रक्ताचा थेंब नाही.

"काय झालं? कोण गेलं?" त्याने विचारलं.

घंटा सेहेचाळीसला थांबली होती. सविताने ओट्यापाशी मोजली होती, सगळ्या वस्तीने मोजली होती. वस्तीत सेहेचाळीस वर्षांचं एकच माणूस होतं, आणि ते तिचा नवरा. आतून खाटेवरून सासरा म्हणाला होता, "शमूला बघ," आणि ती तशीच धावत सुटली होती.

"मी तीनदा हाक मारली तुम्हाला," ती म्हणाली. "दोर हातात होता, पण हलत नव्हता. घंटा बंद होती. आणि तुमचे ओठ चालू होते. तुम्ही मोजत होता. कुणासाठी मोजत होता?"

घरी आला तेव्हा म्हातारा खाटेवर उठून बसला होता, मांडीवर पितळेचा पेला. गोजराबाई गेल्याचं तोवर घरी कळलं होतं, आणि उरलेले पंचवीस टोले त्याने खाटेच्या गजावर पेला वाजवून पुरे केले होते. "गोजरीला अर्ध्या वाटेत सोडता येतं व्हय?" एवढंच बोलून तो आडवा झाला.

त्यानंतर वस्तीत कुणी काही म्हणालं नाही, आणि तेच वाईट होतं. चर्चमध्ये त्याच्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली. ज्याची घंटा होऊन गेली त्याच्याशी बोलायचं काय, असं काहीसं लोकांच्या डोळ्यांत दिसे. पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं की ख्रिस्ती माणसाने शकुन-अपशकुन मानू नयेत. उपासना सुटल्यावर त्यांनी दाराशी सगळ्यांशी हात मिळवला, आणि शमुवेलाचा हात मात्र जरा जास्त वेळ धरला, गार आहे की काय ते बघितल्यासारखा. पुढच्याच आठवड्यात कमिटीने विजेच्या घंटेचा विषय काढला. बटण दाबायचं, आकडा टाकायचा, झालं.

मग शमुवेलालाच एकेक दिसायला लागलं. गाडी कारखान्याच्या स्टँडवर लावलेली असायची, आणि घरून निघाल्याचं त्याला आठवत नसे. तपासणीच्या तक्त्यावर दोनशे भागांची मापं त्याच्या अक्षरात भरलेली असत, खाली त्याची सही. त्यातला एकही भाग हातात घेतल्याचं आठवेना. मापं बरोबर येत, म्हणून साहेबही काही बोलत नव्हते. ग्रुपवर कुणाच्या आजारपणाखाली त्याने 'प्रार्थना करतो' असं लिहिलेलं असे, आणि चार दिवसांनी ते माणूस रस्त्यात भेटून हात धरून आभार मानी. कोणती प्रार्थना? कुणी केली? जिथे जिथे तो नव्हता, तिथे तिथे त्याची सही होती.

एका संध्याकाळी त्याच्या अकरावीतल्या मुलीने, आरोहीने, जेवणाची ताटं घेतली ती तीनच. आजोबांचं, आईचं आणि स्वतःचं. शमुवेल समोरच खुर्चीत बसलेला.

"माझं ताट?" तो म्हणाला.

पोरगी दचकली, पाण्याचा तांब्या कलंडला. "पप्पा! तुम्ही कधी आलात?"

तो तासभर तिथेच बसला होता. त्या दिवशी पहिल्यांदा त्याला खरीखुरी भीती वाटली. सेहेचाळिसाव्या टोल्याला खरंच कुणी गेलं असेल, आणि आता जे जेवतंय, गाडी चालवतंय, सह्या करतंय ते दुसरंच काही असेल तर? तो उठला आणि बापाच्या खाटेपाशी जाऊन बसला.

"बाबा," त्याने विचारलं, "मी मेलोय का हो?"

म्हातारा हसला नाही. "मेलेला माणूस इचारत नाय," तो म्हणाला. "पर तू हायेस, असंबी म्हणवत नाय. तू दोर धरलास की मला हितं कळतं. त्या दिशी एकतिसाव्याला तू गेलास. पुढं नुसता हात होता. सेहेचाळिसाव्याला हातबी दमला."

"मग मी काय करू? डॉक्टर म्हणतात आजार आहे. चर्चमध्ये म्हणतात पाप आहे."

"आजार हाय तर गोळी घे. काठी घेतली म्हणून आंधळा पापी होत नाय. पर काठी चालत नाय रे, चालायचं आपणच." म्हाताऱ्याने चाचपडत त्याचं मनगट धरलं. म्हाताऱ्याचं हृदय थकलं होतं. महिना, फार तर दोन, असं डॉक्टरांनी सविताला सांगून ठेवलं होतं आणि म्हाताऱ्याने ते भिंतीआडून ऐकलं होतं. "माझे टोले तू द्यायचेस. बटण नको. माझं काय, मी तवा गेलेलो आसंन. तुझ्यासाठी सांगतो. बापाचं आयुष्य ज्याला पुरं ऐकता आलं नाय, त्यानं मग कुणाचं ऐकायचं?"

दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं. शमुवेलाने कपाटातली गोळी काढली आणि सविताच्या समोर घेतली, म्हणजे विसरणार नाही. कारखान्यातून आला की हातपाय धुऊन खाटेपाशी खुर्ची ओढायची. म्हातारा त्याचं मनगट धरून एकामागून एक वर्षं सांगायचा. पहिलं, जे त्यालाच त्याच्या आईने सांगितलेलं: नाचणीच्या शेताच्या बांधावर, झोळीत. आठवं: हरसूलच्या बाजारातून एसटीत बसवताना बापाने दिलेला गुळाचा खडा, जो त्याने नाशिकपर्यंत खाल्ला नाही. एकोणिसावं: विषमज्वर, आणि उशीवर राहिलेले केस. तेविसावं: त्याने दिलेले पहिले टोले, तीन वर्षांच्या एका पोरीचे. "तीनच. पर त्या तिनांना जेवढा वेळ लागला, तेवढा पुढं कुणाच्या ऐंशीलाबी लागला नाय."

आणि शमुवेलाचं मन निसटलं रे निसटलं की म्हातारा म्हणायचा, "गेलास." रागाने नाही. वाटेवरून कोण गेलं ते सांगावं तसं. "गेलास. ये परत." आणि ते वर्ष पहिल्यापासून सांगायला लागायचा. पहिल्या आठवड्यात एका वर्षाला सात-सात वेळा.

"बाबा, मला नाही जमत," शमुवेल एकदा रडकुंडीला येऊन म्हणाला. "कितीही धरलं तरी मन जातंच."

"जाणारच. माझं जात नव्हतं व्हय? बायबलातल्या त्या घर सोडून गेलेल्या उधळ्या पोराची गोष्ट ठाऊक हाय ना? पोरगा परत येताना लांब होता तवाच बापाला दिसला. कसा दिसला? बाप रोज रस्त्याकडं तोंड करून बसत आसंन म्हणून. लक्ष देण्याचं मोठं काम बाप करतो, शमू. पोराचं काम एकच, वळायचं. हजारदा गेलास तर हजारदा वळ. तीच प्रार्थना."

सत्तावन्नावं वर्ष आलं. त्या वर्षी शमुवेलाची आई गेली होती. "तिचे एकोणपन्नास मीच दिले," म्हातारा सांगत होता. "एकविसाव्याला अडलो. ती लगीन होऊन आली ते वरीस. हिरव्या काठाचं पातळ होतं..." शमुवेल ऐकत होता. निदान त्याला तसं वाटत होतं. मग त्याच्या ध्यानात आलं की आपण अंगणात जास्वंदीपाशी उभे आहोत, कानाला मोबाइल आहे आणि पलीकडून कुणीतरी गाडीच्या विम्याबद्दल बोलतंय. कधी उठलो, मनगट कधी सोडवलं, काही आठवेना. तो चपापून आत वळला आणि चौकटीतच थांबला.

म्हातारा बोलत होता. त्याचा डावा हात खाटेच्या कडेवर होता आणि बोटं कशाभोवती तरी मिटलेली होती. मधे मनगटाएवढी पोकळी. खुर्ची खाटेला टेकलेली, रिकामी. मधूनच तो थांबायचा, खुर्चीकडे कान करायचा, हसायचा आणि पुढे सांगायला लागायचा. एकदाही 'गेलास' म्हणाला नाही.

"बाबा," शमुवेल दारातून म्हणाला.

म्हाताऱ्याचं तोंड दाराकडे वळलं. मग हळूहळू खुर्चीकडे. बोटं त्याने उघडली नाहीत.

"तू तिथं हायेस?"

"हो."

"मग हितं कोन बसलंय?"

संध्याकाळचे पाच वाजले होते, खिडकीत चांगलं ऊन होतं, बाहेर भाजीवाला मेथी-कोथिंबीर ओरडत होता. शमुवेलाच्या अंगावर सरसरून काटा आला. म्हातारा मात्र भ्यालेला दिसला नाही. ती पोकळी त्याने तशीच धरून ठेवली.

"कोन ते मी सांगत नाय," तो म्हणाला. "बसला होता तो उठला नाय, एवढं खरं. तू गेलास ते मला कळलंच नाय, कारण हात सुटलाच नाय. ये आता. तू बस."

शमुवेल गेला आणि बसला. खुर्ची गरम होती.

त्या दिवसापासून मोबाइल घरात शिरला की सविताच्या हातात. 'गेलास' अजूनही ऐकू यायचं, पण एका वर्षाला एकदा, दोनदा; कधी तर अख्खं वर्ष बिनबोभाट पार पडायचं. डिसेंबरच्या सुरुवातीला अडुसष्टावं आलं. त्या वर्षी डोळ्यांपुढे धुकं आलं आणि मग धुकंच राहिलं. ते सांगून म्हातारा थांबला.

"आणि एकोणसत्तरावं?" शमुवेलाने विचारलं.

"ते तू सांग."

"मी?"

"माझे डोळे गेले. त्याच्या पुढचं मी कुठं बघितलं? तू बघितलंस. चौदा वरसं हाईत. घरातच होतास की."

शमुवेल आठवायला लागला. चौदा वर्षं एका छपराखाली, आणि एकही गोष्ट ओठावर येईना. "उद्या सांगतो, बाबा," तो म्हणाला. म्हाताऱ्याने त्याच्या मनगटावर दोनदा थोपटलं आणि कूस बदलली.

सकाळी सात वाजता सविता चहा घेऊन गेली तेव्हा सगळं संपलं होतं. डावा हात खाटेबाहेर आला होता, बोटं अर्धवट मिटलेली.

नऊ वाजता शमुवेल मनोऱ्यात गेला. मोबाइल सविताकडे होता. ती खाली पायरीवर बसली. त्याने दोर धरला आणि पहिलं वर्ष आणलं: बांध, झोळी, नाचणी. ओढला. गुळाचा खडा आला, विषमज्वर आला, तीन वर्षांची पोरगी आली. चाळिसाच्या आसपास रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला आणि मन त्याच्या मागे गेलं. गेलास, तो स्वतःशी म्हणाला, आणि वळला. सेहेचाळीस आले तेव्हा वस्तीने श्वास रोखला असेल. तो पुढे गेला. सत्तावन्नावर हिरव्या काठाचं पातळ. अडुसष्टावर धुकं. आणि तिथे त्याचा हात थांबला.

एकोणसत्तरावं नव्हतंच.

खाली अंगणात माणसं जमली होती. घंटा अडुसष्टाला थांबली, आणि सहादू ब्याऐंशी वर्षांचा होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाळकसाहेब मान वर करून बघायला लागले. "अरे, ओढ," कुणीतरी म्हणालं. ओढणं सोपं होतं. चौदा श्वास, चौदा टोले. आकडा बरोबर आला असता आणि कुणालाही कळलं नसतं. तक्त्यावरच्या मापांसारखं. त्याला वाटलं, आत्ता जर हा हात नुसताच खाली गेला, तर सविताने त्या शनिवारी दारातून जे उभं पाहिलं तेच कायमचं उरेल.

तो थांबला. किती वेळ, कुणी मोजलं नाही. मग कुठून तरी एक आवाज आला: भिंतीला हात घासल्याचा. आंधळा झालेला बाप खाटेपासून मोरीपर्यंत पावलं मोजतोय. अकरा. समोर शमुवेल बसलाय, हातातल्या मोबाइलवर क्रिकेटची मॅच, आणि डोळ्यांच्या कडेने ते दिसतंय. त्याने दोर ओढला. एकोणसत्तर.

सत्तर. नाताळचा नवा स्वेटर. "रंग कंचा हाय रे?" बापाने विचारलं होतं, आणि तो "हो" म्हणाला होता. एकाहत्तर. रेडिओचे सेल आणतो म्हणून सांगितलं, आणि बाप चार महिने मुका रेडिओ मांडीवर घेऊन बसला. एकेक वर्ष असं कडेकडेने यायचं, त्याची पाठ असताना घडलेलं. सत्याहत्तर. लॉकडाऊनमध्ये चर्च बंद, घंटा बंद, आणि म्हातारा गेलेल्या प्रत्येकासाठी खाटेच्या गजावर पेला वाजवायचा. "बंद करा ती टणटण, माझी मीटिंग चालू आहे," असं तो ओरडला होता. शमुवेल हमसून हमसून रडत होता आणि ओढत होता. एकोणऐंशीला आरोहीच्या केसांच्या तेलाचा वास आला. त्या वासावरून आजोबा तिला ओळखायचे, आणि ती आली की मान वर करायचे.

ऐंशीला काहीच आलं नाही.

त्याने डोळे मिटले, उघडले. बापाचं ऐंशीवं वर्ष, एक अख्खं वर्ष, आणि त्यात एक खोकलासुद्धा सापडेना. तो तिथे नव्हता. एक क्षणही नव्हता. त्याने दोर सैल धरला आणि मोठ्याने म्हणाला, "नाही येत, बाबा. माझ्याकडे नाही."

दोर त्याच्या हातातून खाली गेला.

त्याने ओढला नव्हता. दोर खाली गेला, एखादं माणूस सवयीने ओढतं तसा, घाई न करता, आणि वर घंटा वाजली. मग एक पूर्ण श्वास. श्वास त्याचा नव्हता. त्याचा तर अडकला होता. आणि दोर पुन्हा खाली गेला. एक्याऐंशी. त्याच्या मनगटाभोवती चार बोटं आणि एक अंगठा होता, आणि ते गरम होते.

ब्याऐंशीवं त्याचं होतं. त्यात खाट होती, खुर्ची होती, गुळाचा खडा होता, हजारदा 'गेलास' होतं आणि हजारदा 'ये परत'. ते पुरं मनात येईपर्यंत तो थांबला आणि मग स्वतःच्या हाताने ओढला.

खाली आला तेव्हा अंगण रिकामं होत होतं. माणसं मयताची पेटी आणायला घराकडे निघाली होती. सविता पायरीवरून उठली.

"ब्याऐंशी," ती म्हणाली. "बरोबर." मग आवाज खाली करून, "ऐंशी आणि एक्याऐंशी तुमचे नव्हते. इतकी वर्षं बाबांसोबत ऐकतेय, मलाही कळतं."

"नव्हते," शमुवेल म्हणाला.

सविताच्या हातात मोबाइल थरथरत होता. सांत्वनाचे मेसेज येत होते. तिने तो त्याच्यापुढे धरला. त्याने हात पुढे केला आणि मधेच थांबला. उन्हात तिच्या कानशिलावरची एक बट पांढरीशुभ्र दिसत होती.

"सविता, हे केस कधी पांढरे झाले?"

"पाच वर्षं झाली," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. किती वाजले ते सांगावं तसं सांगितलं.

मोबाइल तिच्याच हातात वाजत राहिला. त्याने तिचं मनगट धरलं.

"बाबांची माती झाली की सांग मला," तो म्हणाला. "पाचही वर्षं. त्याच्या आधीचीही. एकेक करून."

तिने त्याच्या डोळ्यांत निरखून पाहिलं, घरात कुणी आहे का ते खिडकीतून बघावं तसं.

"आणि मधेच गेलात तर?"

"हाक मार," शमुवेल म्हणाला.